आधुनिकतावादी अमेरिकन कथा: आशय आणि प्रतीकांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी साहित्य घेतलेले विद्यार्थी, वाचनगटातली मंडळी आणि स्वतःहून या कथांकडे वळलेले वाचक यांच्याकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांमध्ये कथांचे शेवट उघड होतात, तेव्हा जमलं तर आधी कथा वाचा आणि मग उत्तर.

आधुनिकतावादी अमेरिकन कथा म्हणजे नेमक्या कोणत्या? काळ कोणता धरायचा?

ढोबळमानाने पहिल्या महायुद्धाच्या आसपासपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या. गर्ट्रूड स्टाइनचं 'थ्री लाइव्ह्ज' १९०९ सालचं आहे, म्हणजे सुरुवात युद्धाच्याही आधीची. शेरवुड अँडरसनचं 'वाइन्सबर्ग, ओहायो' १९१९ मध्ये आलं, जीन टूमरचं 'केन' १९२३ मध्ये, हेमिंग्वेचं 'इन अवर टाइम' १९२५ मध्ये. फॉकनर आणि कॅथरिन अ‍ॅन पोर्टर यांच्या महत्त्वाच्या कथा १९३० च्या आगेमागे छापून आल्या. पण एखादी कथा १९२५ मध्ये लिहिली एवढ्यावरून ती आधुनिकतावादी ठरत नाही. त्या काळातल्या लोकप्रिय मासिकांत शेवटी कलाटणी देणाऱ्या, नीट बांधलेल्या गोष्टी ढिगाने छापल्या जात होत्या, आणि वाचकांनाही त्याच हव्या असत. या लेखकांनी त्या साच्याकडे पाठ फिरवली.

या कथांमध्ये काही घडतच नाही. मग त्या कशाबद्दल आहेत?

ही तक्रार खरी आहे आणि तिच्यातच उत्तर आहे. मोठी घटना बहुतेक वेळा कथा सुरू होण्याआधी घडून गेलेली असते, नाहीतर कथा संपल्यावर घडणार असते. आपल्यापुढे येते ती मधली जागा: स्टेशनवरची वाट पाहणी, रात्री उशिराचं हॉटेल, मरणाऱ्या म्हातारीचा शेवटचा दिवस. अँडरसनला कथानकाचा साचा विषासारखा वाटायचा. माणूस आतून कसा जगतो ते त्या साच्यात मावत नाही, हे त्याचं म्हणणं होतं.

आशयाची यादीच हवी असेल तर ती लहान आहे. एकटेपणा, युद्धाने आतून मोडलेली माणसं, श्रद्धा निघून गेल्यावर उरलेली पोकळी, पैशाने विकत घेता न येणारा भूतकाळ, वंशभेद आणि त्याची हिंसा, लग्नातली सत्ता. पण यादी पाठ करून हाती काही लागत नाही. या लेखकांचं मोठेपण विषयात नाही, विषय कुठे लपवला आहे त्यात आहे.

प्रतीक ओळखायचं कसं? गाईडमध्ये 'पांढरा म्हणजे निरागसता, पाणी म्हणजे पुनर्जन्म' असं दिलेलं असतं.

ती यादी बाजूला ठेवा, हे मी अगदी मनापासून सांगतो. या कथांतलं प्रतीक बाहेरून अर्थ घेऊन येत नाही. आधी ती एक वस्तू असते, तिला वजन असतं, वास असतो, ती कुणाच्या तरी उपयोगाची असते. कथेतल्या तिच्या जागेमुळे तिच्याभोवती अर्थ साचत जातो. म्हणून पहिला प्रश्न 'याचा अर्थ काय' हा नकोच. ही वस्तू कोण पाहतंय, तिच्याकडे लेखक किती वेळ थांबलाय, आणि ती काढून टाकली तर कथेचं काय बिघडतं, हे विचारा.

अँडरसनच्या 'हँड्स' या कथेतले विंग बिडलबामचे हात घ्या. हा माणूस वाइन्सबर्ग गावाच्या कडेला, एका घळीजवळच्या छोट्या घरात एकटा राहतो. गावाला त्याचे हात ठाऊक आहेत ते कामामुळे: एका दिवसात १४० क्वार्ट (क्वार्ट म्हणजे जवळपास लिटरभराचं माप) स्ट्रॉबेरी तोडण्याचा त्याचा पराक्रम गावाच्या अभिमानाचा विषय आहे. पण तो स्वतः हात लपवतो, खिशात घालतो, पाठीमागे नेतो. वीस वर्षांपूर्वी पेन्सिल्व्हेनियात तो अ‍ॅडॉल्फ मायर्स नावाचा शाळामास्तर होता. बोलताना मुलांच्या खांद्यावर, केसांवरून हात फिरवायची त्याला सवय. एका मुलाने काहीबाही कल्पून सांगितलं, आणि एका रात्री गावकरी दोर घेऊन त्याच्या दारात आले. आता सांगा, हात हे कशाचं प्रतीक? जिव्हाळ्याचं म्हणाल, तर गावाच्या संशयाचं काय? भीतीचं म्हणाल, तर त्या १४० क्वार्टचं काय? शेवटी विंग जेवण झाल्यावर दिव्याच्या उजेडात गुडघ्यांवर बसून जमिनीवरचे पावाचे कण वेचतो, आणि लेखकाला ती बोटं जपमाळ ओढणाऱ्या भक्ताच्या बोटांसारखी दिसतात. प्रेम, लाज, मजुरी आणि प्रार्थना ही सगळी एकाच जोडी हातांत आहेत. यातलं एक निवडून बाकीची टाकली की कथा मेली.

हेमिंग्वेने तर आपल्या लेखनात प्रतीकं नाहीतच असं म्हटलं होतं. मग आपण ती का शोधतो?

म्हटलं होतं खरं. बर्नार्ड बेरेन्सन या कलासमीक्षकाला १९५२ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्याने 'द ओल्ड मॅन अँड द सी'बद्दल स्पष्ट लिहिलं की समुद्र हा समुद्र आहे, म्हातारा हा म्हातारा आहे आणि मासा हा मासा. (हीच कादंबरिका पु. ल. देशपांड्यांनी 'एका कोळियाने' या नावाने मराठीत आणली.) त्याच पत्रात पुढे तो असंही सुचवतो की पलीकडे जे दिसतं ते तुम्ही जाणकार झाल्यावर दिसतं.

मला यात विसंगती वाटत नाही. मासा खरा असेल, त्याच्या तोंडातला गळ, हात कापणारी दोरी, सगळं खरं असेल, तरच त्याच्यामागे आणखी काही उभं राहू शकतं. लेखकाने आधी अर्थ ठरवून त्यावर मासा चिकटवला तर तो मासा कागदीच राहतो. हेमिंग्वेला राग होता तो या चिकटवण्याचा.

हिमनगाचा सिद्धांत थोडक्यात सांगाल का?

'डेथ इन द आफ्टरनून' या बैलझुंजीवरच्या पुस्तकात, १९३२ मध्ये, हेमिंग्वेने तो मांडला. हिमनगाच्या हालचालीत डौल असतो, कारण त्याचा फक्त एक अष्टमांश भाग पाण्यावर असतो. लेखकाला विषय पक्का ठाऊक असेल तर तो ठाऊक असलेलं गाळू शकतो, आणि गाळलेलं वाचकाला जाणवतं. पण विद्यार्थी नेहमी पुढचं वाक्य विसरतात: ठाऊक नाही म्हणून जो गाळतो, त्याच्या लेखनात नुसती भोकं पडतात. गाळण्याआधी ते माहीत असायला हवं, हा त्यातला महत्त्वाचा भाग.

'हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स' कळलीच नाही. दोघं कशाबद्दल बोलताहेत?

गर्भपाताबद्दल. तो शब्द कथेत एकदाही येत नाही. पुरुष फक्त 'साधं ऑपरेशन' म्हणतो. हेमिंग्वेची ही कथा १९२७ ची. स्पेनमध्ये एब्रो नदीच्या खोऱ्यातलं एक जंक्शन, बार्सिलोनाहून माद्रिदला जाणारी एक्सप्रेस चाळीस मिनिटांत येणार, कडक ऊन, दारूचे पेले. बस, एवढंच. पण ही कथा सावकाश वाचण्यासारखी आहे, म्हणून जरा थांबतो.

स्टेशन रुळांच्या दोन जोड्यांच्या मध्ये आहे. एका बाजूला झाड नाही, सावली नाही, पलीकडे लांबच लांब पांढरे डोंगर. मुलगी उठून फलाटाच्या टोकाला जाते तेव्हा दुसरी बाजू दिसते: धान्याची शेतं, नदीकाठची झाडं, शेतावरून सरकत जाणारी ढगाची सावली. ओसाड आणि सुपीक अशा दोन बाजूंच्या मधोमध हे दोघं बसलेत. हेमिंग्वे 'निवड' हा शब्द वापरत नाही, स्टेशनच तसं बांधतो. आणि ही दुसरी बाजू मुलीलाच दिसते. पुरुष तिला 'परत सावलीत ये' म्हणून बोलावतो.

आता संवाद ऐका. डोंगर पांढऱ्या हत्तींसारखे दिसतात असं ती म्हणते. तो म्हणतो, मी कधी पाहिला नाही. ती लगेच म्हणते, तू पाहिलाच नसशील. वरवर पाहता गप्पा, पण भांडण कधीच सुरू झालंय. पांढरा हत्ती म्हणजे पोसायला परवडत नाही आणि टाकताही येत नाही अशी चीज, आणि पोटातलं मूल त्याला तसंच वाटतंय. पण तिच्या तोंडी ती उपमा आधी येते ती नुसती डोंगर पाहून, कौतुकाने. एकाच हत्तीत तिचं कुतूहल आहे आणि त्याचा हिशोब आहे. नंतर ती स्वतःच शब्द मागे घेते की खरं म्हणजे ते काही हत्तींसारखे दिसत नाहीत. या माघारीत तिची हार किती आहे ते पाहा.

बारच्या दारात बांबूच्या मण्यांचा पडदा आहे, त्यावर दारूची जाहिरात रंगवलेली. ती वाचता येत नाही म्हणून मुलगी त्याला विचारते. वेटर बाई स्पॅनिशमध्ये बोलते तेही तोच तिला सांगतो. ती या देशात त्याच्या जिभेवर अवलंबून आहे. एका क्षणी ती पडद्याचे दोन सर हातात धरते. ते जपमाळेसारखे आहेत असं काही टीकाकार म्हणतात. मला त्यापेक्षा साधं दिसतं: हातात धरायला तिच्याकडे दुसरं काहीच नाही. सामानाच्या बॅगांवर त्यांनी जिथे जिथे रात्री काढल्या त्या हॉटेलांची लेबलं आहेत, आणि त्यांचं सगळं सहजीवन तेवढंच.

मग ती त्याला गप्प राहायची विनंती करते आणि एकाच वाक्यात 'प्लीज' सात वेळा म्हणते. मोठ्याने वाचून पाहा. हेमिंग्वे भावनेला शब्द देत नाही ही समजूत त्या वाक्यापाशी टिकत नाही.

शेवटी काय होतं? ती ऑपरेशन करते की नाही?

कथा सांगत नाही. पुरुष बॅगा उचलून दुसऱ्या बाजूच्या रुळांकडे नेतो, एवढ्यावरून काहींनी त्याचं मन बदललं असा निष्कर्ष काढला आहे. मला ते पटत नाही. बॅगा ठेवून तो बारमध्ये एकटा आणखी एक पेला घेतो आणि बाकीचे प्रवासी शहाण्यासारखे गाडीची वाट पाहताहेत असं त्याच्या मनात येतं. म्हणजे ती शहाणी नाही. बदललेल्या माणसाच्या मनात हा शब्द येणार नाही. ती म्हणते, मी ठीक आहे, मला काहीही झालेलं नाही. तिचा निर्णय काहीही असो, नातं संपलं आहे.

'बिग टू-हार्टेड रिव्हर'मध्ये युद्ध कुठे आहे? नुसती मासेमारी तर आहे.

हेमिंग्वेच्या या कथेत युद्धाचा उल्लेख नाही. निक नावाचा तरुण मिशिगनमध्ये सीनी या गावी उतरतो तर गाव जळून गेलंय, तेरा दारूगुत्त्यांचा मागमूस नाही. जळक्या जमिनीवरचे नाकतोडे काळे पडलेत. तो चालत जातो, तंबू ठोकतो, डबे उघडून बीन्स आणि स्पॅगेटी गरम करतो, ताबडतोब खात नाही, निवू देतो. प्रत्येक कृती ठरवून, हळू, बरोब्बर. शांत माणूस इतकं जपून वागत नाही. स्वतःला सांभाळून धरणारा माणूस असा वागतो. प्रवाहात पंख हलवत एका जागी स्थिर राहणाऱ्या ट्राउट माशांकडे तो सुरुवातीलाच बराच वेळ पाहतो, कारण त्याला नेमकं तेच करायचं आहे. पुढे दलदल लागते, तिथे तो जात नाही. तिथे मासेमारी करायला अजून पुष्कळ दिवस आहेत, असं म्हणून कथा थांबते.

हेमिंग्वे स्वतः जुलै १९१८ मध्ये इटलीच्या आघाडीवर जखमी झाला होता. ही माहिती कथा वाचून झाल्यावर घ्या, म्हणजे ती कथेच्या डोक्यावर बसणार नाही.

'अ रोझ फॉर एमिली'मध्ये गुलाब कुठे आहे?

फूल नाही, रंग आहे. शेवटी एमिली मेल्यावर गावकरी तिच्या घरातली वरच्या मजल्यावरची बंद खोली फोडतात तेव्हा विटलेल्या गुलाबी रंगाचे पडदे आणि गुलाबी झाकणांचे दिवे दिसतात. चाळीस वर्षं बंद राहिलेली ती नववधूची खोली आहे, आणि पलंगावर तिच्या प्रियकराचा, होमर बॅरनचा, सांगाडा. फॉकनर स्वतः म्हणत असे की या बाईच्या वाट्याला शोकांतिका आली, तिला सलाम म्हणून हे गुलाब. तेवढं धरलं तरी पुरे. गुलाबाच्या मागे लागून विद्यार्थी या कथेतल्या जास्त बोलक्या वस्तू सोडून देतात, त्याचं मला वाईट वाटतं.

त्यातलं एक म्हणजे घड्याळ. कराबद्दल बोलायला गावचे प्रतिनिधी येतात तेव्हा एमिली काळ्या कपड्यांत समोर उभी राहते, गळ्यातली सोन्याची साखळी कमरपट्ट्यात गडप झालेली. ती बोलायची थांबली की त्यांना न दिसणाऱ्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते. काळ तिच्या अंगावर चालू आहे, पण तिने तो कपड्यात दडवलाय. कर माफ केल्याचं तोंडी सांगणारे कर्नल सार्टोरिस मरून जवळजवळ दहा वर्षं झालीत आणि ती म्हणते, कर्नलसाहेबांना विचारा. गावात घरपोच टपाल सुरू होतं तेव्हा दारावर घराचा क्रमांक लावायला आणि टपालपेटी बसवायला ती एकटीच नकार देते. उंदरांसाठी म्हणून आणलेलं आर्सेनिक, चुना टाकून झाकलेली दुर्गंधी, चांदीचा प्रसाधनसंच, आणि शेजारच्या उशीवर लोखंडी करड्या रंगाचा एक लांब केस. एमिलीच्या केसांचा रंग आधी सांगून ठेवलाय म्हणूनच तो शेवट अंगावर येतो.

ती कथा इतकी पुढेमागे का सांगितली आहे?

कारण सांगणारा एक माणूस नसून गाव आहे. 'आम्ही' म्हणून बोलणारं हे गाव आधी प्रेतयात्रा सांगतं, मग कर, मग वास, मग प्रियकर. गप्पांमध्ये जसं आठवतं तसं. या क्रमामुळे आर्सेनिक आणि वास यांचा संबंध वाचकाला उशिरा लागतो. घटना कागदावर सालवार मांडल्या तर रहस्य पहिल्याच पानावर फुटतं.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळं. गावाला किती माहीत होतं? रात्री चोरासारखं जाऊन चुना टाकणारे, बाईच्या तोंडावर वासाचा विषय काढायचा नाही असं ठरवणारे, वरच्या मजल्यावर कुणी न पाहिलेली खोली आहे हे 'आधीपासून ठाऊक' असलेले हेच लोक. कथा एमिलीच्या वेडाइतकीच या 'आम्ही'च्या गप्प बसण्याची आहे. त्या घरात एवढी वर्षं राबणारा काळा नोकर टोब मागच्या दाराने निघून जातो, पुन्हा कधी दिसत नाही. त्याने काय पाहिलं ते गाव विचारतही नाही. दक्षिणेकडच्या त्या समाजाबद्दल फॉकनरने लिहिलेल्या वाक्यांपैकी हे मला फार मोठं वाटतं.

आधुनिकतावाद म्हणजे पॅरिसमधले गोरे पुरुष लेखक, असंच समजायचं का?

नाही. अभ्यासक्रमांत बराच काळ तसंच शिकवलं गेलं, म्हणून हा प्रश्न येतो.

जीन टूमर १९२१ मध्ये जॉर्जियातल्या स्पार्टा गावी शाळेत काम करायला गेला आणि त्या अनुभवातून 'केन' आलं. कथा, कविता, नाट्यमय तुकडे असं मिश्रण, त्या काळात कुणीच केलं नव्हतं अशी बांधणी. त्यातल्या 'ब्लड-बर्निंग मून'मध्ये लुईझा ही काळी तरुणी, मळेवाल्याचा गोरा मुलगा बॉब स्टोन आणि शेतमजूर टॉम बर्वेल असे तिघं आहेत. सुरुवातीलाच जुन्या कापूसगिरणीच्या दारातून पूर्ण चंद्र वर येतो, आणि बायका अपशकुन टळावा म्हणून गाणं म्हणू लागतात. शेवटी त्याच गिरणीत जमाव टॉमला जिवंत जाळतो. चंद्र तोच, गिरणी तीच. कापूस, गुलामी आणि जमावाची हिंसा एका इमारतीत आणून ठेवली आहे, आणि त्यावर भाष्याचं एक वाक्यही टूमर लिहीत नाही.

झोरा नील हर्स्टनची 'स्वेट' १९२६ ची. फ्लोरिडातली डीलिया गोऱ्यांचे कपडे धुऊन घर चालवते. नवरा साइक्स तिला मारतो, दुसरी बाई ठेवतो आणि डीलियाला सापाची भीती म्हणून सापासारखा दिसणारा चाबूक अंगावर टाकून हसतो. पुढे तो खराखुरा रॅटलस्नेक पेटीत आणून ठेवतो आणि मग तो साप कपड्यांच्या टोपलीत निघतो. वाचक लगेच म्हणतात: साप म्हणजे सैतान, बायबल, झालं. बायबल आहेच, डीलिया चर्चला जाणारी बाई आहे. पण साप कुठे ठेवलाय ते पाहा. टोपलीत, धुवायच्या कपड्यांत. तिच्या कष्टाच्या, कमाईच्या, घर स्वतःच्या नावावर असण्याच्या जागेत. साइक्सला तिचा जीव घ्यायचा आहे आणि ते घर त्या बाईसाठी हवं आहे. दुकानाच्या ओट्यावर बसलेली माणसं बोलतात की काही नवरे बायकोला उसासारखं चघळून, पिळून, चोथा फेकून देतात. हर्स्टनने विद्वानांच्या आधी गावातल्या पुरुषांच्या तोंडी विश्लेषण ठेवलं आहे.

शेवटी साप साइक्सलाच चावतो. डीलिया ऐकते, जवळ जाते, त्याची सुजलेली, आशेने तिच्याकडे पाहणारी नजर तिला दिसते, आणि ती चायनाबेरीच्या झाडाखाली जाऊन थांबते. तिने वाचवायला हवं होतं का? वर्गात यावरून खरी वादावादी होते, आणि व्हावी. हर्स्टन डीलियाला निर्दोषही ठरवत नाही आणि दोषीही.

या कथांमध्ये देव आहे की नाही?

त्याची रिकामी जागा आहे. हेमिंग्वेच्या 'अ क्लीन, वेल-लायटेड प्लेस' (१९३३) मध्ये म्हातारा वेटर ख्रिस्ती प्रार्थनेतल्या शब्दांच्या जागी 'नादा', म्हणजे काही नाही, घालत जातो. पण तोच वेटर ज्याला रात्री उजेड लागतो अशा माणसासाठी हॉटेल उघडं ठेवायला तयार असतो. नुसती निराशा पाहणारे हे विसरतात.

पोर्टरच्या 'द जिल्टिंग ऑफ ग्रॅनी वेदरॉल' मधली ऐंशीच्या घरातली म्हातारी मरणशय्येवर आहे. साठ वर्षांपूर्वी लग्नाच्या दिवशी नवरदेव आलाच नव्हता. मग दुसरं लग्न, मुलं, शेत, कुंपणं, सगळं तिने निभावलं. शेवटच्या क्षणी ती देवाकडे खूण मागते. खूण येत नाही. नवरदेव पुन्हा आलेला नाही. ख्रिस्ताला नवरदेव मानण्याची बायबलमधली कल्पना पोर्टरने किती निष्ठुरपणे वापरली आहे! आणि तरी शेवटची कृती म्हातारीची स्वतःची आहे: ती दिवा फुंकून विझवते.

फिट्झजेराल्डची प्रतीकं फार उघड असतात का?

काही कथांत असतात. पण 'बॅबिलॉन रिव्हिजिटेड' (१९३१) बघा. शेअर बाजार कोसळल्यानंतर चार्ली वेल्स पॅरिसला परत येतो, मेव्हणीकडे असलेली आपली नऊ वर्षांची मुलगी ऑनोरिया परत मिळवायला. दिवसाला एकच पेला असा त्याने स्वतःला नेम घातलाय. पहिल्याच पानावर रिट्झ हॉटेलच्या बारमध्ये तो बारमनकडे जुन्या मित्रासाठी एक पत्ता लिहून देतो. तोच पत्ता घेऊन जुने दारुडे दोस्त नको त्या वेळी मेव्हणीच्या घरी येऊन धडकतात आणि मुलगी हातची जाते. ती चिठ्ठी सहज वाटते म्हणूनच ती भारी आहे. चार्ली भूतकाळापासून सुटायला आलाय आणि येताक्षणी स्वतःच्या हाताने त्याला घराचा पत्ता देतो.

मराठी नवकथेशी याचा संबंध आहे का?

थेट वारसा सांगणं धाडसाचं होईल. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर यांच्या पिढीने दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास कथानकाची घट्ट चौकट मोडली, मनाच्या आतल्या हालचालींना जागा दिली, आणि 'सत्यकथा'सारख्या मासिकाने त्याला घर दिलं. गाडगीळ पाश्चात्त्य कथेचे जाणते वाचक होते. पण महायुद्ध, शहरी गर्दी, चाळ, माणदेशातला दुष्काळ ही कारणं इथली होती. दोन्हीकडच्या कथा शेजारी ठेवून वाचल्या तर साम्यापेक्षा फरकच जास्त शिकवतो.

परीक्षेत प्रतीकांवरचं उत्तर कसं लिहावं?

दहा प्रतीकांची यादी देऊ नका. दोन घ्या आणि प्रत्येकाचा कथेतला प्रवास लिहा: पहिल्यांदा कुठे दिसतं, कुणाच्या नजरेतून, पुन्हा कुठे, तेव्हा काय बदललेलं असतं. 'घड्याळ काळाचं प्रतीक आहे' या वाक्याला गुण मिळतीलही, पण 'घड्याळ ऐकू येतं, दिसत नाही, आणि ते ऐकणारे तिच्याकडून कर मागायला आलेले असतात' असं लिहिलंत तर तुम्ही कथा वाचली आहे हे तपासणाऱ्याला कळतं. मूळ मजकुरातला एखादा शब्द किंवा तुकडा द्या. लेखकाच्या चरित्राने उत्तर सुरू करू नका. आणि एखाद्या वस्तूचे दोन अर्थ एकमेकांशी भांडत असतील तर ते भांडण तसंच लिहा, मिटवायचा प्रयत्न नको.

नव्याने सुरुवात करायची आहे. कुठून करू?

'हँड्स' आणि 'हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स' या दोन छोट्या कथा आधी, दोन्ही एका बैठकीत होतात. मग 'स्वेट'. तिच्यातली संवादांची बोली सुरुवातीला अडवते, पण मोठ्याने वाचली की कानाला कळते. त्यानंतर फॉकनर, आणि त्याच्या बाबतीत पहिल्या वाचनात क्रम लावत बसू नका, वाहवत जा, दुसऱ्या वाचनात पेन्सिल घ्या. 'केन' शेवटी ठेवा आणि सलग वाचा, कारण त्यातली एकेक कथा सुटी काढली की मागच्या कवितेचे पडसाद तुटतात. स्टाइनला घाई नको. तिची पुनरावृत्ती आवडायला वेळ लागतो, काहींना ती कधीच आवडत नाही.